पोटावरचा पंप

६ मे २०२४, सोमवार

उद्या लोकसभेचं मतदान. महाडला साहित्य ताब्यात घेऊन, सह्या करून, केंद्रावर पोचेपर्यंत उन्हं उतरली. पोलादपूर सोडून गाडी वर चढायला लागली की मोबाईलची रेंज जाते आणि एखाद्या वळणावर उगाच पाच मिनिटं परत येते. शाळा दोन खोल्यांची. व्हरांड्यात पाण्याचं पिंप, मागे करवंदाच्या जाळ्या. औषधाचं दुकान म्हणाल तर थेट खाली पोलादपुरात.

सगळ्यांनी यंत्रं, शाई, लाख, पाकिटं मोजून घेतली. मग मी कोपऱ्यात बसून माझी पिशवी मोजली. इन्फ्युजन सेट (अंगात इन्सुलिन नेणारी नळी), रिकामा रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिनची कुपी), ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली, ग्लुकोमीटर, पट्ट्या, सेल, ग्लुकोजची पुडी, पार्ले-जी आणि सिरिंजा. केंद्राध्यक्ष बघत होते. म्हणाले, “मॅडम, आयोगापेक्षा तुमचंच साहित्य जास्त दिसतंय. आणि पोटावर पंप आहे, तर या सुया कशाला?”

हा प्रश्न मला सगळे विचारतात, आणि प्रश्न अगदी योग्य आहे. सुईवाला माणूस दिवसातून एकदा लांब पल्ल्याचं इन्सुलिन टोचतो. ते कातडीखाली बसून चोवीस तास झिरपत राहतं. पंपात ते नसतं. पंपात फक्त जलद इन्सुलिन, थेंबाथेंबाने जाणारं, तीन-चार तासांत संपणारं. नळी निघाली, आत दुमडली, सेल गेला, की अंगात शिल्लक अशी काहीच नाही. मला टाइप वन मधुमेह, म्हणजे स्वतःचं इन्सुलिन शून्य. चार-सहा तासांत रक्तात किटोन चढायला लागतात आणि मग उलट्या, धाप, दवाखाना. अचानक बंद पडला तर पंपवाल्याला सुईवाल्यापेक्षा कमी वेळ मिळतो. विकणारा हे सांगतो, पण शेवटी, चहा आल्यावर.

केंद्राध्यक्षांना एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, “स्टेपनी आहे, सर.”

७ मे, मंगळवार

सातच्या आधी अभिरूप मतदान. त्यासाठी साडेचारला उठलो. पहाटेची साखर १३८. पहाटे शरीर स्वतःच साखर वर ढकलतं, म्हणून माझ्या पंपाला चार ते सात या वेळात ताशी ०.९५ युनिट असं बेसल, म्हणजे सतत थेंबाथेंबाने जाणारं इन्सुलिन, लावलेलं आहे, एरवी ०.७, दुपारी त्याहून कमी. सुईच्या काळात हे असं तासावारी कमीजास्त करणं शक्यच नव्हतं.

अकराच्या सुमाराला रांग वाढलेली असताना कमरेला पंप वाजला. रिझर्व्हॉयर कमी झाल्याची सूचना. एका पक्षाचा प्रतिनिधी ताडकन उठला. “बाई, मोबाईल आत चालत नाही. आमचा बाहेर ठेवायला लावलात.” मी पदर जरा बाजूला करून नळी दाखवली. त्याचं समाधान होईना. नळी त्याला तार वाटली आणि वेगळीच शंका आली. केंद्राध्यक्षांनी गंभीरपणे सांगितलं की हे उपकरण मतदान यंत्राला जोडलेलं नसून बाईंना जोडलेलं आहे. रांगेतली एक म्हातारी पुढे वाकून बघत होती. “ह्यातनं औषध जातं व्हय? नि जेवन?” जेवण तोंडानेच, म्हटल्यावर तिला यंत्र फारसं कामाचं वाटलं नाही.

जेवायला साडेतीन वाजले. पंपाने मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी हे साडेतीन सांगेन. शाळकरी वयात मला दोन वेळा मिश्र इन्सुलिन असायचं. सकाळी टोचलं की एक वाजता ते जोर धरणार, तेव्हा पानावर बसायलाच हवं. लग्नात पंगत लांबली की हातपाय कापायला लागायचे. आता इन्सुलिन जेवणाची वाट बघतं. दोन तांदळाच्या भाकऱ्या आल्या, एकीला चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं धरली, दहा ग्रॅमला एक युनिट, वालाच्या उसळीचे थोडे वर. पंपाला आकडा सांगितला, बटण दाबलं. जेवायच्या वेळी तेवढ्यापुरतं सोडायचं हे इन्सुलिन म्हणजे बोलस.

१२ मे, रविवार

उकाडा. सेटची चिकटपट्टी घामाने सुटते. पट्टीची कड एकदा उचलली की ती पुन्हा बसत नाही. वरून दुसरी लावावी तर खालची कातडी लाल होऊन खाजते. तीन दिवस टिकायचा सेट दोनच दिवसांत काढावा लागला. पंपाची किंमत लाखांत, ती एकदाच जाते. पण हे महिन्याचं सामान हजारांत आहे आणि ते जन्मभर. म्हणून साखर मोजणारा सेन्सर मी परवडेल त्या महिन्यातच लावते. एरवी बोटाला टोचून मोजायचं.

१९ मे, रविवार

माहेरी आले. पावसाच्या आधी कौलं चाळायचं काम चाललं होतं. कौलांतून निघालेला तांबडा विंचू मजुराच्या अंगठ्याला डसला. घाम फुटला, हात गार पडले, तसं त्याला गाडीत घालून खाली नेलं. रात्री निरोप आला, बरा आहे.

आई म्हणाली, पूर्वी असा माणूस परत यायचाच असं नव्हतं. तिला आठवतं तो काळ डॉ. हिंमतराव बावस्करांच्या आधीचा. १९७०च्या दशकात बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचूदंशाचे रोगी फुप्फुसात पाणी भरून डोळ्यांदेखत जात. रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणं टिपली, ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन विंचवावर वापरायला सुरुवात केली. मृत्यू पार खाली आले. २०२२ साली पद्मश्री. महाडला राहून, गावातल्या रोग्यांवर केलेलं हे काम जगभर वाचलं गेलं.

मला त्यातली एक गोष्ट फार जवळची वाटते. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा सुटतो, स्वादुपिंडातलं इन्सुलिन दबतं, साखर चढते. म्हणजे चांगला धडधाकट मजूर त्या रात्रीपुरता माझ्या जातीत येतो. मुंबईतले संशोधक डॉ. राधाकृष्ण मूर्ती यांनी त्यावरून विंचूदंशावर इन्सुलिनच द्यावं असा पक्ष मांडला होता. प्राझोसिनची गोळी स्वस्त, तोंडाने घ्यायची; ती खेड्यापाड्यात पोचली. इन्सुलिनला थंडावा हवा, सलाईन हवं, दर थोड्या वेळाने साखर बघणारं माणूस हवं. डोंगरात कोणतं औषध चालेल हे प्रयोगशाळेत पुरतं ठरत नाही. पंपाचंही तेच.

७ जुलै, रविवार

लावणी. शाळेला सुट्टी म्हणून मीही उतरले. मला उतरू देऊ नये असं वहिनीचं मत होतं, आईचं नव्हतं.

चिखलात वाकून दोन-तीन तास रोप लावलं की साखर कोसळते. स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात. म्हणून निघायच्या तासभर आधीच पंपाला तात्पुरतं बेसल निम्मं करायला सांगितलं. काम सुरू झाल्यावर कमी करून उपयोग नसतो, आधी गेलेलं इन्सुलिन अंगात असतंच. लांब पल्ल्याचं सकाळी टोचलेलं असतं तर ते परत काढून घेता आलं नसतं. मग दिवसभर त्याला साखर चारत बसा. पंप प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलक्याच्या आत, नळी वर घेऊन चिकटवलेली. तासाभराने बांधावर येऊन हात धुतले, बोट पुसलं, मोजलं: ११२. पुन्हा मोजलं तेव्हा ८४, आणि उतरती. गुळाचा खडा आणि अर्धी भाकरी खाल्ली, बोलस न घेता. बांधावर बसून मी गूळ खाते आहे हे पाहून शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, “डायबेटीस ना हिला?” आईने उत्तर दिलं नाही, आणखी गूळ पुढे केला.

मला अकराव्या वर्षी निदान झालं तेव्हा वाडीत फ्रीज एकाच्याही घरी नव्हता. आई बाटली पितळी डब्यात घालून, डबा मडक्यात, मडकं ओल्या वाळूत, असं चुलीपासून लांब ठेवायची. लोक कारलं सांगत, जांभळाच्या बिया सांगत, कोणी अंगारा आणून देत. ती अंगारा लावायची आणि इन्सुलिनही द्यायची. काचेची सिरिंज उकळताना मात्र कोणाशी बोलायची नाही.

१२ जुलै, शुक्रवार

रात्री अकराला १७०, ठीक. दोनला घशाला कोरड पडून जाग आली. मोजली: ३२६. पंप म्हणतो सगळं व्यवस्थित, इतकी युनिटं गेली. पंपाला आपल्याकडून काय सुटलं ते कळतं. अंगात पोचलं का, हे कळत नाही. नळी अडली तर तो ओरडतो, पण कॅन्युला, म्हणजे कातडीखालचं नळीचं टोक, अर्धवट दुमडली आणि इन्सुलिन मुरायच्या ऐवजी कडेने बाहेर आलं तर तो मुकाट चालू राहतो. वास घेतला. पट्टीला इन्सुलिनचा तो दवाखान्यासारखा वास येत होता. सेट काढला तर सहा मिलिमीटरची मऊ कॅन्युला टोकाला वाकलेली.

अशा वेळी पंपावर विसंबायचं नाही हा नियम. आधी सिरिंजने इन्सुलिन, मग नवा सेट, दुसऱ्या बाजूला. लघवीतल्या किटोनची पट्टी पाहिली, फिक्कट गुलाबी. तांब्याभर पाणी प्यायले. हे उठले होते, दिवा धरून उभे. लाइट गेलेली होती. चारला २३८, सहाला १५५. साडेसातला शाळा.

१६ जुलै, मंगळवार

नववीतल्या एका मुलीने तासाला विचारलं, हे कोणी शोधलं? इन्सुलिन म्हणशील तर टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट, १९२१. ११ जानेवारी १९२२ला पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं. त्याआधी हा आजार झालेलं मूल फार तर वर्ष-दोन वर्षं जगायचं. पंपाची कल्पना लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड कॅडिश यांची, १९६३ची. तो पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढा होता. १९७८ साली लंडनमध्ये जॉन पिकअप, हॅरी कीन आणि सहकाऱ्यांनी लहान पंपाने कातडीखाली सतत इन्सुलिन देऊन दाखवलं. मुलीला कॅडिशचा पंप आवडला. “बाई, तुम्ही तसा घेऊन आला असतात तर!”

२२ जुलै, सोमवार

पुराला तीन वर्षं झाली. आज बाजारात कोणी त्याविषयी फार बोललं नाही. दुकानदार आकाशाकडे बघत होते, आणि काहींनी खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवलेला होता.

२०२१च्या त्या रात्री सावित्री आणि गांधारी दोन्ही बाजूंनी गावात आल्या. तळमजले बुडाले, पाणी जिन्याने वर. आमचं घर पहिल्या मजल्यावर. वीज गेली, फोन गेले. फ्रीज बंद पडला तेव्हा मी त्यातून बाटल्या काढल्या. खरं तर महाडच्या जुलैत त्याची तितकी घाई नसते. वापरात काढलेली बाटली तीस अंशांच्या आत महिनाभर टिकते आणि पावसात घर तेवढं गार असतंच. पण पाणी वर आलं असतं तर? बाटल्या, सेट, सिरिंजा असं सगळं स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी माळ्यावर. पंप एका सेलवर चालतो, त्याला विजेशी देणंघेणं नाही. भिंतीला लावून चार्ज करायचा असता तर त्या दिवसांत माझं काही खरं नव्हतं. नवा पंप घेताना लोक पडदा रंगीत आहे का बघतात. मी सेल कुठला लागतो ते विचारेन.

पाणी उतरल्यावर खाली गेलो तर औषधांच्या दुकानांतला माल चिखलात. खोकी फुगलेली, गोळ्यांच्या पट्ट्या गाळात रुतलेल्या, फ्रीज आडवे पडलेले. गावात रोज इन्सुलिन घेणारी कितीतरी माणसं, बहुतेक म्हातारी, आणि बाटली एका दिवसात मिळेनाशी झाली. माझ्याकडे होतं त्यातलं आमच्या आळीतल्या आजोबांना देता येईना, कारण ते मिलिलिटरला चाळीस युनिटांचं घेत आणि माझं शंभरचं. पुढे मदतीच्या गाड्यांतून औषधं आली.

त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरड आली. यापुढे पंपाबद्दल काही लिहायला आज हात चालत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

सहावीतला एक मुलगा, वरच्या वाडीतला. जूनमध्ये निदान झालं. पोट दुखतं, उलट्या होतात म्हणून आधी गॅस्ट्रो समजले, मग मुंबईला नेलं. आता घरी आलाय. कोणीतरी सांगितलं म्हणून आई-वडील मला भेटायला आले. बाप हातात माझ्या पंपाचं मोबाईलवरचं चित्र घेऊन. “बाई, आम्ही शेत गहाण टाकू, पण पोराला हे बसवायचं.”

मी म्हटलं, आधी पिशवी दाखवा.

पिशवीत बाटली आणि सिरिंजा. बाटलीवर १०० लिहिलेलं. सिरिंजची टोपी लाल.

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. नेहमीची बाटली एका मिलिलिटरला ४० युनिटांची. तिची सिरिंज लाल टोपीची, चाळीसच्या खुणांची. पंपाला लागतं ते १०० युनिटांचं. ते सुईने घ्यायचं झालं तर नारिंगी टोपीची वेगळी सिरिंज. शंभरची बाटली आणि लाल टोपी एकत्र आली, की दहाच्या रेघेपर्यंत भरलेलं इन्सुलिन पंचवीस युनिटं असतं. अडीच पट. पोर झोपेतून उठणार नाही. उलटं झालं, चाळीसचं औषध चुकून पंपात भरलं, तर शंभराच्या जागी चाळीस जाणार आणि किटोन चढणार.

“ही बाटली कधी घेतली?”

“काल. दुकानात नेहमीची नव्हती, म्हणून ही दिली. अजून फोडली नाही.”

फोडली नव्हती. मी त्यांची लाल टोपीची आणि माझी नारिंगी टोपीची अशा दोन्ही सिरिंजा जमिनीवर शेजारी ठेवल्या, पाण्याने भरून दाखवल्या. मुलाची आई शाळा फार शिकलेली नाही, पण तिने एकदा बघितलं आणि तिला कळलं. बापाला दोनदा सांगावं लागलं. मुलगा गप्प होता. त्याने बाटली उचलून लेबल वाचलं, मग लाल टोपी काढून सिरिंजवरचे आकडे मोठ्याने मोजले.

बापाला स्पष्ट बोलले. शेत गहाण टाकू नका. पंप पोराला पुढे लागेल, तेव्हा बघू. आज त्याला हवंय ते असं: चाळीसच्या बाटल्या दोन जास्तीच्या, मडकं, पट्ट्या भरपूर, खिशात ग्लुकोज, आणि शाळेतल्या बाईंना तो घामाघूम होऊन गप्प बसला तर काय द्यायचं याची माहिती. ज्याला सुईने दिवस काढता येतो त्यानेच पंप लावावा. आमच्या भागात तर नक्कीच. पावसाळ्यात वरंधा घाट बंद ठेवतात. पुण्याच्या डॉक्टरांकडे जायचं तर माणगावहून ताम्हिणी घाटाचा वळसा. २०१६ साली २ ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या, तेव्हा पुढे कित्येक महिने इथलं येणंजाणं बदललं होतं. सेट संपले आणि कुरिअर चार दिवस अडलं तर सुईच कामाला येते.

बाप नाराज होऊन गेला. त्याला वाटलं असेल, स्वतः लावून बसलीय आणि आम्हाला नको म्हणते. वाटू दे.

१८ ऑगस्ट, रविवार

मुलाच्या आईचा फोन. शंभरवाली बाटली दुकानदाराने परत घेतली. पहाटे तीनला ६२ झाली होती, तिने साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ९४. “बरोबर केलं ना, बाई?” अगदी बरोबर. इतकं नेटकं तर दवाखान्यातही होत नाही कधी कधी.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती आले. दुपारी तो मुलगा आई-वडिलांबरोबर दर्शनाला आला. बापाने पंपाचा विषय काढला नाही. भात कसा आहे ते सांगत बसला.

पानावर उकडीचे मोदक. मी एका मोदकाला पंचवीस ग्रॅम धरते. तीन मोदक, पंचाहत्तर, साडेसात युनिटं; पण वर तूप आणि आत नारळ, त्यामुळे साखर सावकाश चढते. म्हणून बोलस दोन हप्त्यांत: निम्मं आत्ता, निम्मं दोन तासांत हळूहळू. गौरीच्या तिखट्या, म्हणजे सामिष, जेवणालाही हेच करावं लागतं. मुलाने पडद्यावर वाकून हे सगळं पाहिलं आणि म्हणाला, “बाई, हा मोदक मोठा आहे. पंचवीस नाही, तीस.”

“कशावरून?”

“आमच्या घरचा पंचवीस. मी काट्यावर ठेवून मोजला होता. हा त्याच्याहून मोठा.”

सारण जरा जास्तच भरलं गेलं होतं हे खरं. त्याच्या आईने तेवढ्यात त्याची पिशवी उघडली. बाटलीवर ४०, टोपी लाल. त्याने स्वतःच एका मोदकाचं इन्सुलिन भरलं, सिरिंज उजेडाकडे धरून बुडबुडा टिचकीने वर काढला, रेघ आईला दाखवली आणि सदरा वर केला. बाप तेवढा वेळ गणपतीकडे तोंड करून बसला. मग मुलगा म्हणाला, अजून अर्धा चालेल का, आणि त्याच्या आईने वाटीतून काढून अर्धा त्याच्या पानात वाढण्याआधी विचारलं, “अर्ध्याचे किती?”

“पंधरा.”

“मग आधी टोच.”